एक पोर पाठवायचं, एक पोर सांभाळायचं: सांगलीहून रोटरी युथ एक्स्चेंज

गणपतीच्या आसपास दरवर्षी चार-पाच फोन ठरलेले. "मॅडम, तुमच्या रोटरीतनं पोरांना परदेशी पाठवतात म्हणं. किती पडतात?" मी उलट विचारते, "घरात एखादी खोली रिकामी होईल का? आणि परक्या पोराची महिनाभर उस्तवार करायला घरचे सगळे तयार आहेत का?" समोरचा गडबडतो. त्याला तिकिटाचा आकडा हवा असतो आणि मी घर मोजत बसलेली असते.

पण हा कार्यक्रम तसाच आहे. एक्स्चेंज म्हणजे अदलाबदल. तुमचं मूल त्यांच्या घरी राहतं आणि त्यांचं मूल तुमच्या. ही सहल नाही, कोर्स नाही, परदेशी ॲडमिशनची शिडी तर अजिबात नाही. आमच्या क्लबच्या युथ एक्स्चेंज कमिटीत काही वर्षं कागद चाळल्यावर, स्वतःचा मुलगा इटलीला पाठवल्यावर आणि तिथला एक मुलगा घरी ठेवून घेतल्यावर जे कळलं ते क्रमाने सांगते. मी सांगलीची, त्यामुळे उदाहरणं इथलीच येतील. साताऱ्याच्या मंडळींनी एवढंच लक्षात ठेवावं की रोटरीच्या नकाशात सांगली 3170 या डिस्ट्रिक्टमध्ये येते आणि सातारा 3132 मध्ये. (रोटरीचं डिस्ट्रिक्ट म्हणजे सरकारी जिल्हा नव्हे, अनेक क्लबांचा मिळून एक विभाग.) दोन्हीकडच्या कमिट्या आणि तारखा वेगळ्या. कराडच्या मावशीने सांगितलेली शेवटची तारीख इस्लामपुरात चालेलच असं नाही.

आधी प्रकार ठरवा

लाँग टर्म म्हणजे जवळजवळ पूर्ण शालेय वर्ष. मूल तिथल्या शाळेत जातं आणि वर्षभरात बहुधा एकाहून जास्त घरांत राहतं. राहणं, जेवण आणि शाळा यजमानांकडे, शिवाय यजमान क्लब दरमहा थोडा हातखर्च देतो. शॉर्ट टर्म काही दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंत. त्यात एका घरचं मूल दुसऱ्या घरी आणि त्या घरचं मूल या घरी, असा घर-ते-घर प्रकार जास्त चालतो. कुठे कुठे अनेक देशांच्या मुलांचं एकत्र शिबिरही असतं. वय साधारण 15 ते 19. लाँग टर्मला बरेच देश साडेअठराची रेषा ओढतात.

आईवडील रोटेरियन, म्हणजे रोटरीचे सभासद, असायला हवेत हा गैरसमज. नसले तरी चालतं. मूल मात्र एखाद्या क्लबने पुरस्कृत केलेलं लागतं, म्हणजे क्लबने 'हे आमचं पोर' म्हणून सही करायला हवी. वय पुढे गेलेल्यांसाठी तिशीपर्यंतचा न्यू जनरेशन्स सर्व्हिस एक्स्चेंज आहे, तो व्यवसायाच्या किंवा सेवेच्या कामाभोवती बेतलेला असतो. मोठ्यांसाठी फ्रेंडशिप एक्स्चेंज आहे. लायन्स क्लबांचीही युवा शिबिरं आणि एक्स्चेंज असतात, तिकडे ओळख असेल तर जरूर विचारा. पुढचं सगळं रोटरीच्या शॉर्ट आणि लाँग टर्मबद्दल.

माझं मत विचाराल तर सांगलीच्या घरांना शॉर्ट टर्म जास्त झेपते. कारण दहावी-बारावी. लाँग टर्मला ऑगस्टमध्ये विमानात बसायचं तर अर्ज आदल्या शरद ऋतूत द्यावा लागतो, म्हणजे मूल ऐन दहावीच्या सहामाहीत असताना. मग अकरावीचं वर्ष तिकडे जातं आणि परत आल्यावर पुन्हा अकरावीत बसायचं. तिकडचं वर्ष आपल्याकडे पास झालेलं वर्ष म्हणून धरलं जाईल, असं गृहीत धरू नका. कॉलेजच्या प्राचार्यांना आधी भेटा, परतल्यावर प्रवेशाचं काय ते लेखी विचारा. ज्यांच्या घरात जेईई-नीटची फी भरून झालीय त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. वर्ष 'वाया' गेलं असं घरात एकालाही वाटणार असेल, तर पाठवू नका. पोराला ते फोनवर ऐकू येतं.

अमेरिकेचा विचार असेल तर एक वेगळी अट आहे. तिथे शाळकरी एक्स्चेंजसाठी जे-वन व्हिसा लागतो आणि त्यासाठी बालवाडी सोडून 11 पेक्षा जास्त इयत्ता पूर्ण झालेल्या चालत नाहीत. बारावी झाली की ते दार बंद.

क्लबचं दार कसं ठोठवायचं

रोटरीचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं. त्या दिवशी अध्यक्ष, सचिव आणि बऱ्याचदा युथ एक्स्चेंज ऑफिसरही बदलतो. मे महिन्यात तुम्ही ज्यांच्याशी गोड बोलून आलात ते जुलैत 'माजी' झालेले असतात. म्हणून पहिली भेट जुलैअखेरीस किंवा ऑगस्टमध्ये घ्या आणि नव्या माणसाला भेटा.

जाताना मुलाला पुढे करा. बाबा बोलतायत, आई बोलतेय आणि मुलगा मोबाइलमध्ये, असं झालं की आमच्या कमिटीत शेजारी बसलेले डॉक्टर माझ्याकडे बघून भुवई उडवतात, आणि तिथेच अर्धा निकाल लागतो. शाळेत इंटरॅक्ट क्लब, म्हणजे रोटरीचा शाळकरी मुलांचा क्लब, असेल तर मुलाने आधीच त्यात काम केलेलं बरं. रक्तदान शिबिरात खुर्च्या मांडल्यात की पूर ओसरल्यावर गाळ काढलाय, असलं काही हातून झालेलं असेल तर मुलाखतीत सांगायला गोष्ट असते.

क्लबने होकार दिला की डिस्ट्रिक्टची मुलाखत. तिथे आईवडिलांनाही बोलावतात आणि कधीकधी वेगळं बसवून विचारतात. ठरलेले प्रश्न पाठ करून येणारी पोरं लगेच ओळखू येतात. "तिकडच्या घरी तुला जेवण आवडलं नाही तर?" यावर "आय विल ॲडजस्ट" हे उत्तर आम्ही शेकड्याने ऐकलंय. एक मुलगी म्हणाली होती, "पहिल्या दिवशी खाईन. दुसऱ्या दिवशी विचारीन, मी काही करू का सगळ्यांसाठी? मला पिठलं येतं." तिला पुढचा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

फॉर्म: इथे घाई केली की महिना जातो

अर्ज लांबलचक असतो. मुलाची माहिती, आईवडिलांची माहिती, डॉक्टर आणि दंतवैद्याचे तपासणी अहवाल, शाळेचे गुण, फोटो, मुलाचं पत्र, पालकांचं पत्र आणि शेवटी हमीपत्र. हमीपत्रावर आपला क्लब, आपलं डिस्ट्रिक्ट, तिकडचा क्लब आणि तिकडचं डिस्ट्रिक्ट, सगळ्यांच्या सह्या लागतात. सह्या निळ्या शाईने करा, म्हणजे मूळ प्रत आणि झेरॉक्स वेगळ्या ओळखता येतात. मी पहिल्या वेळी काळ्या पेनने केल्या आणि सगळं बाड परत आलं.

फोटोंत स्टुडिओतला, पाठीमागे निळा पडदा असलेला एकच पुरे. बाकीचे घरातले द्या: आजीबरोबर भाजी निवडताना, गल्लीत क्रिकेट खेळताना, शेतात. यजमान कुटुंब फोटोंवरूनच ठरवतं की हे पोर आपल्या स्वयंपाकघरात उभं राहील का.

पत्रावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. 'मी मेहनती, प्रामाणिक आणि मनमिळाऊ आहे' हे जगातल्या प्रत्येक अर्जात असतं. त्यापेक्षा गळीत हंगामात पहाटेपर्यंत रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या जातात आणि ट्रॅक्टरवरच्या गाण्यांनी झोपमोड होते, हे लिहा. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत भोपळे वाळत टाकलेले असतात आणि त्यांचीच सतार होते, हे लिहा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, तेही चालेल, पण भोपळा आधी. मुलाचं इंग्रजी मोडकं असेल तर मोडकंच राहू द्या. शिकवणीच्या सरांनी सजवलेलं पत्र पाठवलं आणि तिकडे पोचल्यावर पोराला दोन वाक्यं बोलता आली नाहीत, तर यजमानांना फसवल्यासारखं वाटतं.

खाण्याच्या रकान्यात खरं आणि बारीक लिहा. नुसतं 'व्हेज' पुरत नाही. अंडं चालतं? केकमधलं? मासे हे शाकाहारात येत नाहीत, हेही स्पष्ट लिहावं लागतं. कट्टर शाकाहारी आणि जैन घरांसाठी खास: इटलीचं पार्मेजान चीज वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेट नावाच्या विरजणाने करतात. ते पास्त्यावर, सूपात, सगळीकडे भुरभुरलेलं असतं. हे चालणार नसेल तर आधी कळवा. तिकडे गेल्यावर कळलं की मूल उपाशी राहतं आणि यजमानीण रडकुंडीला येते.

तब्येतीच्या फॉर्ममध्येही काही लपवू नका. दमा, फिट, नैराश्याची औषधं, सगळं लिहा. लसींचं लहानपणीचं कार्ड शोधून काढा. क्षयाची तपासणी मागितली तर लक्षात ठेवा, आपल्याकडे बाळाला बीसीजी दिलेली असते, त्यामुळे मॅन्टू चाचणी कधीकधी पॉझिटिव्ह येते. बीसीजीची नोंद जवळ ठेवा आणि एक्स-रे किंवा रक्ताची चाचणी लागेल का हे डॉक्टरांना आधीच विचारा.

जन्मदाखला आणि पासपोर्ट

घरातल्या मोठ्यांच्या गाफीलपणाचे सगळे हिशेब इथे चुकते होतात.

जन्मदाखला काढून बघा. त्यावर मुलाचं नाव आहे का? कित्येक दाखल्यांवर आईवडिलांची नावं असतात, पण बाळाच्या नावाची जागा कोरी. बारशाआधी नोंद झालेली आणि नंतर कुणी महापालिकेत फिरकलेलं नाही. नाव घालायला नियमाने 15 वर्षांची मुदत असते आणि एक्स्चेंजचं वय 15 लाच सुरू होतं. धाकटं भावंड असेल तर त्याचाही दाखला आजच बघा. नाव, आडनाव आणि वडिलांच्या नावाचं स्पेलिंग जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि आधार या तिन्हींवर एकच हवं. आमच्याकडे एका कागदावर आडनावात एक 'ए' होता आणि दुसऱ्यावर दोन. त्या एका अक्षरापायी आम्ही दोन महिने हेलपाटे घातले.

पासपोर्टसाठी आता पुण्याला जायची गरज नाही, सांगली आणि सातारा दोन्हीकडे टपाल कार्यालयात सेवा केंद्र आहे. अर्ज ऑनलाइन करायचा आणि वेळ घ्यायची. अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालच्या, मुलासाठी आईवडिलांचं संमतीपत्र, म्हणजे ॲनेक्शर डी, लागतं. आता मुख्य गोम. अज्ञानाचा पासपोर्ट 5 वर्षं किंवा अठरावा वाढदिवस, जे आधी येईल तोवर चालतो. फी 1,000 रुपये. साडेसोळाव्या वर्षी असा पासपोर्ट काढला आणि सतराव्या वर्षी मूल वर्षभरासाठी गेलं, तर परदेशातच त्याची मुदत संपते. पण मूल 15 ते 18 वर्षांचं असेल तर 10 वर्षांचा पासपोर्ट मागता येतो. फी 1,500. हे पाचशे रुपये वाचवू नका.

जोडी जुळली, आता व्हिसा

अर्ज गेला की थांबायचं. जोडी जमवणं हे स्थळ बघण्यासारखंच असतं: यांना मुलगी चालेल, यांच्याकडे कुत्रा आहे, यांना जुलैतच हवंय. देश निवडायचा हट्ट करू नका. तीन पसंती विचारतात, पण मिळेल ते घर चांगलं असतं. 'फक्त इंग्लंड-अमेरिका' म्हणणाऱ्यांचे अर्ज माझ्या डोळ्यांदेखत पडून राहिलेत.

युरोपातली तीन-चार आठवड्यांची शॉर्ट टर्म शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसावर, होते: 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस. जून 2024 पासून 12 वर्षांपासून पुढच्या सगळ्यांची फी 90 युरो आहे, व्हिसा अर्ज केंद्राचा सेवाखर्च वेगळा. प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी अर्ज करता येतो. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळत नाहीत, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्येच हालचाल करा. निमंत्रणपत्र, क्लबची पत्रं, आईवडील दोघांची नोटरी केलेली संमती, बँकेचे उतारे, आयकर विवरण आणि किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा, एवढी सामग्री. विमा कोणता घ्यायचा हे यजमान डिस्ट्रिक्ट सांगतं. एजंटाचा स्वस्त विमा घेऊन मोकळं होऊ नका. आई किंवा वडील एकटेच पालक असतील तर न्यायालयाचे किंवा मृत्यूचे कागद लागतात, ते आधीच जुळवून ठेवा.

लाँग टर्मला त्या त्या देशाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा लागतो आणि अनेक देश जन्मदाखल्यावर अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का, मागतात. त्याची साखळी मंत्रालयातून परराष्ट्र खात्यापर्यंत जाते, चार-सहा आठवडे हाताशी ठेवा. अमेरिकेला तिकडच्या डिस्ट्रिक्टकडून डीएस-2019 हा जे-वन व्हिसासाठीचा पात्रतेचा कागद आल्याशिवाय काहीच सुरू होत नाही. तो आला की सेव्हिसची, म्हणजे अमेरिकेच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदव्यवस्थेची, फी भरायची आणि मुंबईत बीकेसीला अमेरिकेच्या वकिलातीत मुलाखत.

तिकीट व्हिसा हातात आल्यावर. हे मी ठळक अक्षरांत लिहायला हवं. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाला एजंटाने "आत्ता घ्या, स्वस्त आहे" म्हणून परत न मिळणारं तिकीट घ्यायला लावलं. व्हिसा आठ दिवस उशिरा आला. स्वस्त तिकीट दोनदा घेतलं की काय होतं ते त्यांना विचारा.

खर्चाचा एकच आकडा मी सांगत नाही, कारण देश आणि महिना बदलला की तो बदलतो. पण कप्पे ठरलेले आहेत: विमान तिकीट, व्हिसा, विमा, पासपोर्ट-नोटरी, डिस्ट्रिक्टची फी, ब्लेझर, भेटवस्तू, हातखर्च. आणि एक कप्पा जो कुणी धरत नाही: तिकडचं मूल तुमच्याकडे येईल तेव्हाचा खर्च.

बॅग, ब्लेझर आणि कंदी पेढे

एक्स्चेंजच्या मुलांना ब्लेझर असतो आणि त्यावर पिना. जगभरची मुलं भेटली की एकमेकांच्या पिना बदलून घेतात. वर्षाअखेर तो ब्लेझर चिलखतासारखा वाजतो. इथून शंभरेक छोट्या पिना करून न्या, तिरंगा, गणपती, काहीही.

भेटवस्तू म्हटलं की साताऱ्याच्या घरांतून कंदी पेढ्यांचे डबे निघतात. थांबा. युरोपीय संघात प्रवाशाने बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणलेले चालत नाहीत. विमानतळावर डबा काढून घेतात आणि पोर पहिल्याच पायरीवर हिरमुसतं. बर्फी, तूप, पनीर सगळं त्यातच आलं. हळदीची सीलबंद पूड चालते, ओले गड्डे नकोत. भडंगाचं पाकीट, छोटी सतार, खणाचं कापड, पैठणी काठाची पिशवी हे उत्तम. भडंग तिखट नको. यजमानांच्या बारा वर्षांच्या मुलीने आमच्या भडंगाचा बकाणा भरला होता. तो प्रसंग त्या घरात अजून सांगतात म्हणे.

मुंबईला जायला महालक्ष्मी एक्स्प्रेस बरी. रात्री बसलं की सकाळी मुंबई. पण विमान त्याच दिवशी दुपारचं ठेवू नका, पावसाळ्यात तर नकोच. एक दिवस आधी पोचा. मूल एकटं जात असलं तरी पंधरा-सोळा वर्षांचं पोर बहुतेक एअरलाइनच्या लेखी मोठ्या प्रवाशासारखंच असतं, त्यामुळे विमान बदलायच्या ठिकाणाचा नकाशा त्याने स्वतः बघून ठेवलेला हवा. यजमानांचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर, खिशात. मोबाइल बंद पडतो.

तिकडे गेल्यावर

चार 'डी' सगळ्यांना तोंडपाठ हवेत: ड्रायव्हिंग नाही, ड्रिंकिंग नाही, ड्रग्ज नाहीत, डेटिंग नाही. मोडले तर पहिल्याच विमानाने घरी. युरोपात यजमान जेवताना मुलापुढेही वाइनचा घोट ठेवतील, प्रेमाने. 'नको' म्हणायची सवय इथेच करा. ड्रायव्हिंगचं तर सांगलीत विशेष सांगावं लागतं, कारण आपल्याकडे नववीतलं पोर ॲक्टिव्हा घेऊन क्लासला जातं आणि त्यात काही चुकतंय असं कुणालाच वाटत नाही.

रोटरीत 'पहिल्या रात्रीचे प्रश्न' नावाची एक यादी आहे. मला ती सगळ्या फॉर्मांपेक्षा मोलाची वाटते. पोचल्या रात्री मुलाने यजमानांना विचारायचं: तुम्हाला काय हाक मारू? सकाळी किती वाजता उठायचं? कपडे मी धुवायचे का, कुठे वाळत घालायचे? फ्रिज उघडू का? अंघोळीला किती वेळ घेऊ? घरातलं कोणतं काम माझं? आपली पोरं यातलं काही विचारत नाहीत, कारण आपल्या घरात हे प्रश्न नसतातच. आईच सगळं करते.

बाथरूमची रंगीत तालीम करा, मी गंमत करत नाही. तिकडची बाथरूम कोरडी असते. पडदा टबाच्या आत टाकायचा, बाहेर पाणी सांडायचं नाही. बादलीभर पाणी अंगावर घेण्याच्या सवयीने आमच्या चिरंजीवांनी पहिल्याच दिवशी खालच्या मजल्याचं छत ओलं केलं. निघण्याआधी दोन महिने मुलाकडून स्वतःचं ताट धुवून घ्या, अंथरूण घडी करून घ्या, वॉशिंग मशीन लावून घ्या. त्याला सोपा स्वयंपाकही यायला हवा. इटलीत बर्गामोकडच्या त्या यजमान घरात रविवारी पोलेंटा व्हायचा, मक्याच्या पिठाचा. माझ्या मुलाने तो बघून मला लिहिलं, "आई, ही आपली उकडपेंडीच्या मावशीची मुलगी आहे." मग त्याने त्यांना झुणका करून दिला. घर तिथे जुळलं.

फोन आठवड्यातून एकदा, रविवारी. उन्हाळ्यात इटली आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, म्हणजे आपली रात्र म्हणजे त्यांचं जेवण. रोज व्हिडिओ कॉल करणारी आई मुलाला तिकडे रुजूच देत नाही. दुसऱ्या आठवड्यात मूल रडतं, बहुतेकांचं असंच होतं. तेव्हा 'ये परत' म्हणू नका आणि 'रडतोस काय' असंही म्हणू नका. ऐकून घ्या.

पण एक फरक मुलाला आणि तुम्हाला दोघांना कळायला हवा. घरची आठवण वेगळी आणि असुरक्षित वाटणं वेगळं. यजमान क्लब प्रत्येक लाँग टर्म मुलाला एक समुपदेशक देतो आणि तो यजमान कुटुंबातला नसतो. शिवाय रोटरीबाहेरच्या दोन व्यक्तींची नावं देतात, एक पुरुष आणि एक स्त्री. कुणी नको तिथे हात लावला, खोलीचं दार लावू दिलं नाही, पासपोर्ट काढून घेतला, तर मुलाने त्याच दिवशी यांपैकी कुणालाही फोन करायचा. 'क्लबची बदनामी होईल' हा विचार मुलाने करायचा नाही. हे वाक्य मी मुलाकडून तीनदा म्हणवून घेतलं होतं.

आता त्यांचं पोर आपल्या घरी

यजमान व्हायचं तर कागद तुमचेही तपासतात. घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांची चारित्र्य पडताळणी, मुलाखत, ओळखीच्यांचे दाखले आणि घरभेट. एक भेट सांगून, एक न सांगता. आमच्याकडे न सांगता आले तेव्हा सासूबाई हॉलमध्ये पापड वाळत घालत होत्या. कमिटीने पापडांच्या रांगेतून पाय टाकत पोराची खोली बघितली. पलंग त्याचा वेगळा हवा. एवढी अट आहे, एसीची नाही.

विदेशी पाहुणा घरी उतरला की 24 तासांच्या आत ऑनलाइन नोंद करावी लागते. लोक त्याला सी-फॉर्म म्हणतात. हॉटेललाच लागतो हा समज चुकीचा, घरालाही लागतो. मूल 180 दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आलं असेल तर 14 दिवसांत विदेशी नागरिक म्हणून नोंदणी. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे असतं.

आणि पाऊस. युरोपच्या सुट्ट्या जुलै-ऑगस्टमध्ये येतात, म्हणजे ती पोरं नेमकी कृष्णा फुगलेली असताना सांगलीत. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. नदीकाठच्या भागात राहणाऱ्यांनी अर्जातच दुसरं, उंचावरचं घर कळवून ठेवावं. पोराचा पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत, सगळ्यात वरच्या कपाटात. आमचा इटालियन रोज पेपरातला फुटांचा आकडा वहीत लिहायचा. सासूबाईंना विचारायचा, "आजी, फोर्टी?" त्या म्हणायच्या, "नाही रे बाळा, अजून अडतीस. तू खा."

घरच्यांना आधी सांगून ठेवायच्या गोष्टी: दार वाजवून आत जायचं, आजीनेही. रंगावरून, वजनावरून बोलायचं नाही. शेजारपाजारच्यांनी सेल्फीसाठी रांग लावायची नाही. दुचाकीवर हेल्मेट, त्यालाही. तिखट वेगळं काढायचं, पण वेगळा स्वयंपाक करायचा नाही. पाणी गाळून-उकळून. आग्रह दोनदा, तिसऱ्यांदा नाही. हा शेवटचा नियम आमच्याकडे एका जेवणापुरताही टिकला नाही.

फिरवायचं म्हणून रोज गाडी काढू नका. गणपती मंदिर, मिरजेची सतारमेकर गल्ली, हरिपूरचा कृष्णा-वारणा संगम, एवढं चार आठवड्यांना भरपूर. बाकी दिवस त्याला घरात राहू द्या. दळण आणायला पाठवा. आमच्याकडच्या पोराला गिरणीचं फार अप्रूप. डबा घेऊन जायचा, पीठ गरम असतानाच हात घालून बघायचा. परत जाताना त्याने आईसाठी सोन्याचांदीचं काही नेलं नाही. थालीपीठाची भाजणी नेली, गिरणीतून स्वतः दळून आणलेली, दोन किलो. त्याच्या बॅगेचं वजन तेवढ्यानेच वाढलं आणि विमानतळावर माझ्या नवऱ्याला स्वतःच्या पाकिटातून जादा सामानाचे पैसे भरावे लागले. हा कप्पा मात्र मी खर्चाच्या यादीत धरला नव्हता.